शेवटचा वाटा

कोंडाण्याच्या लेण्यांवरच्या ठाकूरवाडीत वाटे घालायचं काम बुधीचं. ओढ्यातले मासे असोत की रानातला मध, पळसाच्या पानांवर ती वाटे घालायची आणि सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला आपण घ्यायची. शेवटचा वाटा आपल्याला, म्हटल्यावर माप आपोआप सरळ पडतं. चाळीस वर्षांत तिच्या वाट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तिचा मुलगा दशरथ माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायचा. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तसं मालकानं त्याला खाली धाडलं, आणि शिमग्याच्या आधी तो क्षयानं गेला. तेव्हा दारात चिटपाखरू फिरकलं नव्हतं. आता एक तरुण डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन अंगणात बसला होता. लहानपणी टोचलेल्या लशीचा जोर ओसरतो, म्हणून ज्यांच्या घरात क्षय होऊन गेला अशा मोठ्या माणसांना ही नवी लस. अजून चाचणी चालू आहे, असं तो सांगत होता.

"सगळ्यांना तीच देनार?" बुधीनं विचारलं.

"नाही मावशी. निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते मलाही ठाऊक नसतं. त्याशिवाय लस चालते की नाही, कळणार कसं?"

"कळलं मला, येडी नाय मी. आन् तुझा वाटा कुठला?"

"आम्हाला यात भाग घेता येत नाही."

बुधीनं पुढे केलेला दंड मागे घेतला.

"मग वाटे घालायला तुला कोनी बसवला रं?"