नळीतली दोन काडतुसं

आखातात उम्म अल कुवैनला माझं पोस्टिंग होतं, असं मी अजूनही म्हणतो. बायको हसते. फौज सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि ही साधी नोकरी होती: एका अरब मालकाच्या खासगी संग्रहातली जुनी हत्यारं साफ करायची. पण सवय जात नाही.

मी हवालदार सलीम, रत्नागिरीकडचा. फौजेत सतरा वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. माझ्या हाताखाली डॉमिनिक, वसईचा, रिटायर्ड नायक. त्याने इन्फन्ट्रीत रिक्रूटांना रायफल शिकवली होती. आपल्या हाताखाली एकही अपघात झाला नाही, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. आजचा दिवस अजून संपायचाय, असं म्हणून मी त्याला चिडवायचो.

सकाळी सातला रोल कॉल, दोघांचाच. साडेसातला पहिली रायफल टेबलावर. नियम एकच. मी हत्यार तपासून ‘क्लिअर’ म्हणायचं, मगच त्याने हात लावायचा.

त्या आठवड्यात लिव्हरच्या रायफली आल्या होत्या, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या. वसाहतींतले हौशी शिपाई आणि सरहद्दीवरचे घोडेस्वार स्काउट त्या वापरत. त्याआधी प्रत्येक गोळीनंतर बंदूक नव्याने भरावी लागे. हिच्यात बॅरलखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसत. लिव्हर खाली-वर केली की पुढची गोळी तयार. एका रायफलीच्या नळीला खोगिरावर आपटून पोचा पडला होता. पोचा मी पाहिला, कार्डावर लिहिलाही.

आम्ही शिकलेली पद्धत अशी: काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढून हातात घ्यायचं, मग चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघायची. हिचं मॅगझिन म्हणजे ती नळीच, निघतच नाही. मी लिव्हर पाच-सहा वेळा मारली. काही बाहेर आलं नाही. चेंबरमध्ये बोट घालून बघितलं आणि क्लिअर दिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉमिनिकने नळीचं पुढचं टोक उघडलं, स्प्रिंग काढली आणि सळई आत घातली. ती अर्ध्यात अडली.

“उस्ताद, आत काहीतरी आहे. एकदा बघून घ्या.”

मी दुसऱ्या रायफलीत गुंतलो होतो. उठायचा कंटाळा आला आणि रागही आला. मी क्लिअर दिल्यावर हा परत विचारतो म्हणजे काय?

“ग्रीस सुकलंय. ठोक.”

“राइट, उस्ताद.”

त्याने लाकडी हातोडी घेतली. दोन ठोके मी ऐकले. तिसऱ्याला धमाका झाला.

पोच्याच्या पुढे दोन काडतुसं अडकून बसली होती, म्हणून लिव्हर मारूनही बाहेर आली नव्हती. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाच्या टोपीवर टेकलेलं, जी दाबली की गोळी उडते. ठोक्यांनी टोपी दाबली गेली, पुढचं काडतूस उडालं आणि सळई उलटी येऊन डॉमिनिकच्या छातीत घुसली. मी दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. अँब्युलन्स नऊ पस्तीसला आली. तोवर तो गेला होता. मी रडलो, लहान मुलासारखा रडलो.

दुपारी पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात मालकाच्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं.

“हवालदार साब, लिख दो कि उसने अपनी मर्ज़ी से ठोका. खलास. आपकी नौकरी बचेगी, शायद जेल से भी बच जाओगे.”

धमाका झाला तेव्हा खोलीत फक्त आम्ही दोघेच होतो. मी लिहिलं असतं तर कोणी खोटं पाडलं नसतं. घरी माझी दोन मुलं शिकत होती, हे मी विसरलो नव्हतो. पण ज्या माणसाने शेकडो रिक्रूटांना हत्यार धरायला शिकवलं, तो हलगर्जीपणाने मेला, असा कागद वसईला त्याच्या बायकोच्या, फिलोमिनाच्या हातात पडला असता. मुलांना तिने तेच सांगितलं असतं.

पाणी मागितलं. प्यालो. मग आत जाऊन बसलो.

जबाब अरबीत लिहून घेतला गेला. दुभाष्या एकेक वाक्य वाचत गेला. मी शेवटी एक वाक्य वाढवायला सांगितलं: नायक डॉमिनिकने शंका विचारली होती, तो आदेशाप्रमाणे काम करत होता.

ऑफिसरने मान वर करून विचारलं, आदेश कोणाचा?

“माझा,” मी म्हणालो. मग सही केली आणि सहीखाली माझा हुद्दा लिहिला.