अडतीसचे अवयव

सदाशिव पेठेतल्या त्या क्लासमध्ये दोन बॅच आहेत. पहिली हुशारांची, दुसरी उरलेल्यांची. नववीतली माझी लेक पहिलीत होती, बालवाडीपासूनच्या मैत्रिणीशेजारी. चाचणीत एक गुण कमी पडला आणि सरांनी तिला दुसरीत टाकलं. "मार्कांचं काही नाही गं आई, पण ती तिकडे आणि मी इकडे!" पोरगी धड जेवेना. माझा नुसता जळफळाट.

तो गुण गेला होता वर्गत्रिपदीत. एक्स वर्ग अधिक अकरा एक्स अधिक अडतीस, अवयव पाडा. म्हणजे असे दोन आकडे शोधा, ज्यांचा गुणाकार अडतीस आणि बेरीज अकरा. लेकीने लिहिलं होतं, 'पूर्णांकांत अवयव पडत नाहीत.' त्यावर सरांची भलीमोठी फुली.

लेकीला स्कूटरवर मागे बसवलं आणि बिबवेवाडीहून थेट क्लास गाठला. दारावर पाटी: 'गुणांबाबत पालकांनी वाद घालू नये. वेळ आमचाही जातो.' मी चपला काढून आत गेले.

"अहो सर, जरा पाडून दाखवता का? आम्हा अडाण्यांना तेवढंच ज्ञान."

"त्यात काय? चार आणि सात."

"सात चोक अडतीस? पाढे बदलले वाटतं. कळवलं नाहीत."

सरांनी खडू उचलला. एकोणीस दुणे अडतीस लिहिलं, पुसलं. मग नोट्स उघडल्या. तिथे अठ्ठावीस होते. प्रश्नपत्रिका छापताना त्याचे अडतीस झाले होते. अख्ख्या पहिल्या बॅचने पाठ केलेलं उत्तर बेधडक उतरवून पूर्ण गुण घेतले होते. प्रश्न वाचण्याचा आगाऊपणा फक्त आमच्या घरात झाला.

"बरं, एक ग्रेस मार्क देतो," सर औदार्याने म्हणाले. "उद्यापासून पहिल्या बॅचला ये."

मी पर्स उचललीसुद्धा. कन्यारत्न जागचं हललं नाही. "ग्रेस नको सर. बरोबरची खूण करा."

"अगं, तुझं बरोबर दिलं तर बाकी सगळ्यांचं चूक ठरेल."

"हो सर."

मला पोरीचा असा अभिमान वाटला, विचारू नका! सरांनी खूण केली. आणि एकदा तत्त्व आठवल्यावर पुण्यातला माणूस थांबतो होय? त्यांनी अख्ख्या बॅचचा तो गुण कापला.

दुसऱ्या दिवशी लेक पहिल्या बॅचला गेली. शेजारची जागा रिकामी होती. तेवढ्या एका गुणाने मैत्रीण दुसरीत गेली होती.