धाकटीच्या पायातली सँडल

मास्तर पहिल्यांदा नजरेत भरले ते साडूच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला. बाकीची मंडळी काचेची दारं आणि भिंतभर मांडलेले बूट बघण्यात दंग होती. मास्तर फुटपाथच्या कडेला हात मागे बांधून उभे होते आणि मेहुणीच्या पायांकडे टक लावून बघत होते. कुणाला वाटलं असतं, काय हा गृहस्थ! पण त्यांना मेहुणीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिच्या पायातली सँडल त्यांनी केलेली होती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. चपलांच्या कारखान्यात कागदाचे साचे कापून पहिला नमुना उभा करणाऱ्यालाही मास्तर म्हणतात. एका नावाजलेल्या कंपनीत त्यांचं उभं आयुष्य गेलं. खिडकीजवळ लांबलचक टेबल, त्यावर चामड्याचा आणि डिंकाचा वास, भिंतीला खिळ्यांच्या रांगा आणि खिळ्याखिळ्याला टांगलेले साचे. सुरी टेकून टेकून डाव्या अंगठ्याला घट्टा पडलेला. बोलणं मोजकं, स्वभाव सालस. व्यसन म्हणाल तर एकच, साडूचा हेवा.

तो लग्नापासूनचा. धाकट्या मेहुणीचा नवरा हातगाडीवर चपला विकता विकता दुकानदार झाला आणि घरात त्याला सगळे 'शेठ' म्हणू लागले. सासूबाई उठता बसता म्हणायच्या, "धाकट्या जावयांच्या हाताला यश आहे हो!" मग मास्तर समोर बसलेत हे ध्यानात येऊन पुढे जोडायच्या, "थोरलेही चांगलेच आहेत. साधे आहेत." त्या 'साधे'नं मास्तरांचा घास कडू व्हायचा. शेठनं गाडी घेतली तेव्हा मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पुढचं डावं चाक जरा बसलंय." बसलं नव्हतं.

नव्या दुकानाची बातमी आली त्याच सुमारास मास्तरांनी एक नमुना केला होता. पट्टा बोटांवरून निघून घोट्याला मागून वळसा घालायचा आणि स्वतःच्याच खालून पुढे यायचा. बक्कल नाही, काही नाही. मालकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर टाकला.

"मास्तर, असली गुंतागुंत पायात कोण अडकवून घेणार? न्या घरी."

मास्तरांनी नेला. पण कारखान्यातले सगळे नमुने एकाच ठरावीक मापाचे होतात, आणि ते माप थोरलीला कधीच आलं नाही. ते यायचं धाकटीला.

"आमचा पाय काय तुमच्या कारखान्याला दिसतच नाही!" बायको म्हणाली. "जन्म चपलावाल्याच्या घरात काढला आणि चपला घेते बाजारातून."

"तुझ्या मापाची करीन कधीतरी."

"करा, करा. माझ्या तेराव्याला घालीन."

मास्तरांनी ती सँडल धाकटीला दिली, तीही नेमकी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. हेतू काही फार थोर नव्हता. शेठच्या दुकानात हजार जोड असोत, शेठच्या बायकोच्या पायात मात्र मास्तरांचा जोड असावा, एवढंच. त्या दिवशी दोन बायकांनी तिला "ही कुठल्या कप्प्यात आहे?" असं विचारलेलं मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यांची छाती इंचभर पुढे आली.

पुढच्या वर्षी कंपनीत नव्या डिझायनर मॅडम आल्या. हुशार, हसतमुख, कामाला वाघ. भिंतीवरचे जुने साचे चाळता चाळता त्यांनी तो पट्ट्याचा साचा उचलला, रंग बदलला, टाच अर्ध्या बोटानं वाढवली, एक गोंडस नाव दिलं. कंपनीनं लगोलग डिझाइनची नोंदणी केली. सँडल तुफान चालली. चौकातल्या मोठ्या फलकावर एका बाजूला सँडल आणि दुसऱ्या बाजूला मॅडमचा फोटो झळकला. मास्तर रोज कामावर जाताना त्या फलकाखालून जात आणि मान वर करत नसत. इतकी वर्षं साडूच्या नावानं दुखणाऱ्या पोटात आता आणखी एक भाडेकरू आला.

"आयत्या बिळावर नागोबा," बायको म्हणाली. "तुम्ही बोलत का नाही?"

"काय बोलू? साचा कंपनीचा, भिंत कंपनीची, खिळासुद्धा कंपनीचा."

तशात शेठनं आपल्या दुकानात हुबेहूब तशीच सँडल निम्म्या भावात विकायला काढली. कंपनीनं दावा ठोकला: विक्री बंद करा, नुकसान भरून द्या. रक्कम अशी की नवं दुकान विकूनही पुरली नसती. कारखान्यात ही बातमी कळली तेव्हा मास्तरांनी दोन कप चहा घेतला आणि टेबलाशी बसून चक्क शीळ घातली. सुंठीवाचून खोकला गेला!

आठवड्याभरात शेठ आणि धाकटी दारात उभे. शेठचा चेहरा उतरलेला.

"साडूभाऊ, तुमच्या कंपनीची नक्कल मी केलेली नाही."

"मग कुणाची केलीत?"

"घरातलीच. हिच्या पायातली. म्हटलं, घरची वस्तू आहे, कोण विचारतंय?"

"घरची! म्हणजे माझी. मला विचारलंत?"

धाकटी पुढे झाली. "भाऊजी, वकील म्हणतात, ती सँडल नोंदणीच्या आधीच चारचौघांत आली होती हे सिद्ध झालं तर नोंदणीच टिकत नाही. उद्घाटनाचा फोटो आहे, पण माझ्या पायांपुढे मेली कुंडी आलीय! जोड आहे, पण तो कधी केला हे फक्त तुम्हीच सांगू शकता."

"आणि माझी नोकरी?"

"माझ्या दुकानात या," शेठ चटकन म्हणाले. "वरचा मजला तुमचा."

हे बोलले नसते तर कदाचित काही झालं असतं. साडूच्या दुकानात, साडूच्या पगारावर! मास्तर उठून खिडकीशी गेले. "मला यात ओढू नका," म्हणाले. शेठ आणि धाकटी गेल्यावर बायकोनं कपबशा उचलल्या, त्या जरा जास्तच आपटून.

"बहीण रस्त्यावर येईल माझी."

"गाडीतून येईल," मास्तर म्हणाले. बायको त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

खटल्याच्या दिवशी कंपनीनं मास्तरांनाही नेलं. साचा कंपनीच्या भिंतीवरचा आहे, एवढंच सांगायचं होतं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसले. पलीकडच्या बाकावर शेठ घाम पुसत होते. ते बघून मास्तरांना गार वाटलं, खोटं कशाला बोला.

आधी डिझायनर मॅडमची साक्ष झाली. ही कल्पना कशी सुचली, असं वकिलांनी विचारलं. मॅडम हसल्या.

"लहानपणी आई माझी वेणी घालायची. एक पेड दुसऱ्याखालून ओढून घ्यायची. ते डोक्यात राहिलं होतं. एका दुपारी एकदम हाताला सुचलं."

त्या ठरवून खोटं बोलत होत्या, असं नव्हे. फलकावरचा आपला फोटो रोज बघून माणसाला पुष्कळ गोष्टी आठवायला लागतात. पण मास्तरांच्या कानशिलांत ठणका सुरू झाला. वेणी! तो पट्टा पंधरवडाभर घोट्यावरून घसरत होता. त्यापायी त्यांनी किती चामडं वाया घालवलं, किती शिव्या हासडल्या, आणि वेणी! शेठचा हेवा कसा, जुन्या दाढेसारखा, ठणकत असला तरी सवयीचा. हे मात्र ताजं होतं.

त्यांना पिंजऱ्यात बोलावलं. साचा कंपनीचा का, हो. मग शेठचे वकील उठले. त्यांनाही फारशी आशा दिसत नव्हती.

"हा साचा कुणी कापला?"

"मी."

"मॅडमनी चित्र काढून दिल्यावर?"

मालक मास्तरांकडे बघत होते. मॅडम अजून हसतच होत्या. शेठनं डोळे मिटले होते.

"चित्रबित्र काही नव्हतं," मास्तर म्हणाले. "मॅडम यायच्या आधी वर्षभर मी तो कापलाय. सँडल माझी आहे. मालकांना आवडली नाही, घरी न्या म्हणाले. मी मेहुणीला दिली. दुकानाच्या उद्घाटनाला शंभर माणसांत ती घालून फिरली. आणि वेणीचा काही संबंध नाही! पट्टा घसरत होता म्हणून खालून घेतला."

नोंदणी रद्द झाली. निकालाच्या दिवशी मास्तरांनी शेठच्या वकिलांना जिन्यात गाठलं.

"म्हणजे आता ती माझ्या नावावर होणार?"

वकील थबकले. "नाही हो. ती आधीच लोकांसमोर आली होती, म्हणून ती नवी नाही. नवी नाही, म्हणून कुणाचीच नाही. आता कुणीही करावी."

"पण माझं नाव कुठेतरी आलं असेल ना?"

"आलंय की. साक्षीदार क्रमांक दोन."

त्याच आठवड्यात मालकांनी मास्तरांना बोलावून अगदी सौम्य आवाजात निरोप दिला. संध्याकाळी शेठ मिठाईचा खोका घेऊन आले.

"साडूभाऊ, तुमचे उपकार..."

"तुमच्यासाठी नाही केलं."

"ठाऊक आहे. म्हणून तर न्यायाधीशांना खरं वाटलं!"

बायकोला हसू आवरेना. वरच्या मजल्याची गोष्ट शेठनं पुन्हा काढली आणि मास्तरांनी पुन्हा नाही म्हटलं. सासूबाई आता म्हणतात, "थोरल्या जावयांनी दुकान वाचवलं हो!" लगेच जोडतात, "धाकट्यांचं नशीबच तसं." मास्तर जेवत राहतात.

वर्षभरात ती सँडल गल्लीबोळात पोचली. हातगाडीवर, बाजारात, बसच्या रांगेत. समोरून कुणी ती घालून आली की मास्तरांची पावलं मंदावतात. पट्टा कसा कापलाय ते बघतात. चुकीचा कापलेला असला की चिडतात आणि नीट कापलेला असला की जास्त चिडतात.

सध्या ते शाळेचे बूट करणाऱ्या एका लहान कारखान्यात साचे कापतात. काळे बूट, एकाच घाटाचे, सगळ्या मापांत. बायकोच्यासुद्धा.