उत्तरेचा प्राणी आणि चांदीचा चंद्र

यजमान गेल्यावर मी वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. मूलबाळ नाही, चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरीही संपलेली. सावेडीतल्या आमच्या घरात दिवसभर कुकरचा काय तो आवाज. त्याच सुमारास नागापूरच्या एका कारखान्यात नवीन मशीन बसवायला पोलंडहून एक इंजिनिअर बाई आली होती. तिला हॉटेलचं जेवण सोसेना, म्हणून तिथल्या साहेबांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं.

सुरुवातीला आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. इंग्रजी दोघींचंही बेताचंच. ती कामावरून आली की वर जायची, मी खाली टीव्ही लावून बसायची. एका रविवारी ती गच्चीवर केस वाळवत होती, तेव्हा तिच्या गळ्यातली चांदीची चंद्रकोर मला दिसली. टोकं खाली वळलेली, आणि अंगभर मोहरीहून बारीक चांदीचे रवे.

"ही तर आमच्याकडचीच वाटते," मी म्हणाले.

"नाही टीचर, आमचे पूर्वज स्लाव्ह, त्यांच्या बायका असं घालायच्या. ही म्युझियममधल्या दागिन्याची नक्कल आहे."

मग तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. सुरीची हाडाची मूठ. तिच्यावर कोरलेल्या प्राण्याचं अंग फितीसारखं लांबत, वळत, स्वतःलाच वेढे घालत गेलेलं, आणि शेवटी पंजाने त्याने आपलीच मान धरलेली.

"हा मात्र आमचा नाही," ती म्हणाली. "हा उत्तरेकडून आला, व्हायकिंग लोकांबरोबर. ते बोटींतून यायचे, व्यापार करायचे, लुटायचेही. काही जण आमच्याकडेच राहिले. मग आमचे कारागीरही तसे प्राणी कोरायला लागले."

"आणि तुमचा चंद्र?"

"तो तिकडे गेला. त्यांच्या बायकांच्या थडग्यांतही सापडलाय."

मी कागद आणला. फितीचा नियम तिने मला बोटाने दाखवला: स्वतःला ओलांडताना एकदा वरून गेली की पुढच्या वेळी खालून. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही चित्रं काढू लागलो. बोलणं थोडंच व्हायचं. एकदा तिने विचारलं, "तुमचे मिस्टर कसे होते?" मी सांगितलं, शेतकरी घरातले, पाथर्डीकडचे. मी शहरातली, लग्नानंतर त्यांचं 'न्हाई' आणि 'व्हय' ऐकून हसायची. आता रिकाम्या घरात माझ्याच तोंडून 'न्हाई' निघतं. हे तिला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझा हात धरला.

मशीन सुरू झालं आणि ती गेली. आधी रोज मेसेज यायचे, मग सणासुदीला. मी चित्रं काढतच राहिले. जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा उरली नव्हती, आणि कुणासाठी ठेवायची होती?

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळात मी या नक्षीवर बोलले. भिंतीवर चित्रं लावली, स्लाव्ह म्हणजे कोण, व्हायकिंग म्हणजे कोण, सगळं समजावलं. बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकीने विचारलं, "वरची खोली रिकामी आहे का हो? माझ्या भाच्याला हवी होती." बाकीच्या चहाकडे वळल्या. चित्रांच्या गुंडाळ्या करताना माझे डोळे भरून आले, ते कुणाला दिसू नये म्हणून मी लवकर निघाले.

रिक्षावाला माझ्याच वयाचा, दाढी पांढरी झालेला. आरशातून बघत म्हणाला, "नकाशे हायेत का ताई?"

"न्हाई हो, चित्रं आहेत." आणि काय झालं कोण जाणे, मी बोलतच सुटले. बोटी, नद्या, हाडाची मूठ, त्यांच्या बायकांच्या गळ्यात गेलेला तो चंद्र. तो मधूनमधून "व्हय?" म्हणत होता. घर आलं तेव्हा मी अर्ध्यावरच होते. गोष्ट तिथेच सोडून पर्स उघडली.

त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसला. "मंग? जे बोटीवाले तिथंच राहिले, त्यांचं काय झालं?"

फाटकापाशी उन्हात रिक्षा उभी होती. मी एक गुंडाळी सोडली आणि पुढचं सांगायला लागले.