गोरखपूरचा समुद्र

शाळेत खडू संपतात, डस्टर हरवतात, पण किस्से काही केल्या संपत नाहीत. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात आला की कोणीतरी सुरू होतंच! मी परळच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. आमचे निम्मे किस्से परब सरांचे. सर मालवणचे. शिकवतात मराठी, आणि माणसं कमी म्हणून गणितही. रिटायर व्हायला थोडेच दिवस उरलेत. पण नववीचा पट आणखी घसरला तर तुकडी बंद आणि सर 'सरप्लस'. म्हणजे उरलीसुरली नोकरी कुठल्यातरी लांबच्या शाळेत! त्यामुळे आम्ही हसतो ते जरा धास्तावूनच.

*

मे महिन्यात लोक आंबे शोधतात, आम्ही मुलं शोधतो. दोघादोघांनी चाळीचाळीतून फिरायचं, "आमच्या शाळेत घाला हो" म्हणायचं. गेल्या वर्षी मी आणि सर जुन्या मिलच्या जागेवरच्या टॉवरखाली पोचलो. सरांचं म्हणणं, एवढे मजले आहेत, एखादं तरी पोर मिळेल!

वॉचमनने अडवलं. "डिलिव्हरी?"

"नाही, पिकअप!" सर म्हणाले. "किती पोरं आहेत वर?"

वॉचमनने सरळ शिट्टीच फुंकली. आम्ही घोडपदेवपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

*

घोडपदेवच्या चाळीत एक आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "कलवाले इस्कूल ने बॅग दिया, परसोंवाले ने छत्री. तुम लोग क्या देगा?"

सर शांतपणे म्हणाले, "होमवर्क."

बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की पोरीचं नाव आमच्याकडेच घातलं! ती पोरगी म्हणजे रोशनी यादव. सर महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "बघा, आमची स्कीम चालली!"

*

पालकसभेत सरांची मात्र दांडी उडते. एकदा लालबागचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. सरांनी गणिताचा पेपर पुढे केला. "आजोबा, याला एकही गणित येत नाही!"

आजोबांनी चष्मा लावला, पेपर उलटसुलट बघितला, मग सरांकडे बघितलं.

"ह्याच्या बापाशीक पण तुम्हीच शिकयलात मां?"

"हो, मीच."

"मगे बरोबर आसा!" म्हणाले आणि पेपर घडी घालून खिशात टाकला.

*

पूर्वी आमच्या वर्गात कदम, साळवी, गावकर असायचे. त्यातले बरेच लांब उपनगरांत गेले. आता बाकावर कदमाशेजारी यादव, त्याच्या मागे थापा. घरी हिंदी, नेपाळी आणि शाळेत मराठी. पोरं शिकतात मात्र जिद्दीने. सर कोणाला सोडत नाहीत!

सरांनी 'माझे गाव' हा निबंध दिला. रोशनीने लिहिलं, 'माझे गाव गोरखपूर. गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे.'

स्टाफरूममध्ये सरांनी तो वाचून दाखवला आणि भूगोलवाली म्हणून मलाच चक्कर आली. तिला बोलावलं. "अगं, गोरखपूरला समुद्र कुठून आणलास?"

"बाई, सरांनीच सांगितलं. गावाच्या निबंधात समुद्र पाहिजे, नाहीतर मार्क कापणार!"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आपलं साधारण सांगितलं होतं."

*

आणि गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी पट मोजणारे साहेब दारात! कोकणातली पोरं काय सुट्टी संपली म्हणून परत येतात होय? ज्याच्या घरचा गणपती अकरा दिवसांचा, तो अकरा दिवस गावाला. नववीवर सरांचा तास होता, मी साहेबांना घेऊन गेले, तर वर्ग अर्धा रिकामा.

साहेबांनी डोकी मोजली, मान हलवली. "परब, आज मी हा आकडा लिहिला तर तुमची तुकडी गेली."

सर हातातला खडू नुसता फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

साहेबांची नजर पहिल्या बाकावर गेली. "तुझं नाव काय?"

"रोशनी यादव."

"घरी हिंदी ना? मराठी येतं का? गावाबद्दल दोन वाक्यं बोल बघू."

रोशनी उभी राहिली. एकदा सरांकडे बघितलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"माझे गाव गोरखपूर," ती खणखणीत म्हणाली. "गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे!"

साहेबांनी हळूच पेनाला टोपण लावलं.

"परबानू, तुम्ही मालवणचे काय?"

"होय साहेब."

"मी वेंगुर्ल्याचो. आमचोय गणपती अकरा दिवसांचो. माका पण आज गाडी पकडूची आसा." साहेब उठले. "मोजणी अनंत चतुर्दशीनंतर. भरलेलो वर्ग दाखवा!"

साहेब जिना उतरले. सर खुर्चीत बसले, रुमाल काढून चष्मा पुसायला लागले, पुसतच राहिले. रोशनी अजून उभीच होती.

"सर, आता तर मार्क नाही ना कापणार?"