सावडण्यातलं आभारप्रदर्शन

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं एकदा हा किस्सा सांगताना एकाला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर थापा मारता मारता माझी गोष्ट अर्धीच राहिली. आणि अर्ध्यावर सोडली तर मी ठार मूर्ख ठरतो. पूर्ण ऐकलीत तरी मूर्खच ठरतो म्हणा, पण जरा बऱ्यापैकी!

तर, कराडात आमचं एक नागरिक मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कुठल्या तरी गावचा पुढारी पाहुणा म्हणून बोलवायचा. त्यानं आपलं काम सांगायचं, आपण प्रश्न विचारायचे, पोहे खायचे आणि घरी जायचं. मी त्या मंडळाचा सेक्रेटरी. तसं माझं चष्म्याचं दुकान आहे, पण माणसं मला ओळखतात ती माइकमुळं. स्वागत मी, परिचय मी, आभार मी. आणि आभार म्हणजे तर आपला हुकमी विषय! झोपेतून उठवून माझ्या हातात माइक द्या, ‘वेळात वेळ काढून’पासून ‘अल्पोपाहार’पर्यंत कुठंही न अडखळता म्हणून दाखवतो. त्याचा मला फार अभिमान होता. होता!

अध्यक्ष आमचे आप्पा. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. मंडळ अजूनही पलटणीसारखं चालवतात.

आजवर आमच्याकडं डेअरीवाले आले, सोसायटीवाले आले, कारखानेवाले आले. सगळे बाप्ये. एका बैठकीत मी म्हणालो, “आप्पा, एखाद्या बाईला बोलवूया की. कडेगावच्या पुढं माळावर एक गाव आहे, तिथल्या सरपंच शेवंताताई. धनगराची सून. उपसा योजनेचं पाणी गावतळ्यात आणलं आणि भांडण न होता वाटूनही दाखवलं.”

आप्पा म्हणाले, “नाव ऐकलंय मी. पन ती बाई कुठं बोलायला जात न्हाई. तुला काय जमायचं न्हाई गड्या.”

असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्याच दुपारी फोन लावला.

“आवं, मला भाषण न्हाई येत,” ताई म्हणाल्या.

“भाषण नकोच ताई. घरी बोलता तसं बोला.”

“घरी सासूबाय बोलत्यात. मी ऐकती.”

पण मी चिकट माणूस. फोनवर फोन केले. शेवटी एकदा पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला, “द्ये तिकडं! व्हय म्हन की गं! जा, बोल. मी हाय न्हवं घरात!” आणि मग ताई हसत म्हणाल्या, “ऐकलंसा न्हवं? येते.”

म्हणजे बघा, आमच्या मंडळाला होकार मिळाला तो त्या सासूमुळं. तानूबाई तिचं नाव. ना मी तिला पाहिलेलं, ना तिनं मला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, शेवंताताई येणार! पत्रिकेचा मजकूरसुद्धा तयार केला.

आणि कार्यक्रमाला महिनाभर अवकाश असताना बातमी आली, तानूबाई गेल्या.

मला खरंच वाईट वाटलं. त्या खणखणीत आवाजाचं वाटलं. आणि, खोटं कशाला बोलू, मनात दुसराही विचार आला, की आता ताई येतात की नाही? हे विचारायचं कसं? त्या घरात दुःख, आणि मला माझ्या रविवारची पडलेली. माझी मलाच लाज वाटली.

आप्पांनी बोलावून घेतलं. “मंडळाच्या वतीनं सावडायला जाऊन ये. हार वाह्यचा, हात जोडायचं, मागं यायचं. आन् ध्यानात ठेव, कार्यक्रमाचा शब्द काढायचा न्हाई.”

“छे छे आप्पा! मला काय कळत नाही व्हय?”

गेलो. आणि पहिली चूक केली ती घरातून निघतानाच. अंगात जाकीट घातलं. मंडळाच्या वतीनं जायचं म्हटल्यावर हात आपोआप त्या खुंटीकडंच गेला, त्याला मी काय करू?

गावाबाहेर ओढ्याकाठी सगळं गाव जमलेलं. बाप्ये एकीकडं, बायका बाभळीच्या सावलीत. मी हार वाहिला आणि मागं जाऊन मातीत बसणार, तोच एक जण धावत आला. “सायब, सायब! हितं नगा बसू. फुडं चला.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की बाबा, मी चष्मेवाला. पण पुढं खुर्च्या होत्या हो! आणि माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. बसलो. मागं कुजबुज चालू झाली.

“तहसीलचं हायत वाटतं.”

“न्हाई रं, जिल्ह्याचं असत्याल. जाकीट बघ की.”

मी मान वळवून नाही म्हणायला हवं होतं. मी काय केलं? जाकिटाचं बटण लावलं!

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. राख सावडून झाली, नैवेद्य मांडला, की सगळे मागं सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही. मगच घरी जायचं. आणि तो येईपर्यंतच्या वेळात हल्ली पुढारी श्रद्धांजली वाहतात.

कावळा होता. समोर बाभळीच्या शेंड्यावरच बसला होता. पण खाली यायला तयार नव्हता.

एका पुढाऱ्यानं सुरुवात केली. त्यांनी आणलेल्या निधीची माहिती मिळाली. दुसऱ्यांनी आपण मंजूर केलेला रस्ता तानूबाईंनी कसा डोळे भरून पाहिला ते सांगितलं. तिसऱ्यांनी स्मशानशेडची घोषणा केली. म्हातारीचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, तेही शेजारच्याला विचारून. कावळा मान वाकडी करून सगळ्यांचं ऐकत होता, बस्स.

मग तानूबाईंचा मुलगा, म्हणजे शेवंताताईंचे मालक, हात जोडून पुढं झाले. “आये, मेंढरं इकत न्हाई. शबूद हाय माझा. ये.” कावळा नाही. लेक रडत म्हणाली, “आये, धाकटीचं लगीन आमी बघतो की गं. ये बाय.” कावळा नाही. ताई बायकांत बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. त्या काहीच बोलल्या नाहीत. उन्हं चढली. म्हातारी माणसं घामानं भिजली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न, की म्हातारीचं अडलंय कशात?

आणि तेवढ्यात उपसरपंचांची नजर माझ्या जाकिटावर पडली.

“आता लांबनं आलेलं आपलं सायब दोन शब्द बोलत्याल!”

मी उठलो. पहिलं वाक्य चांगलं गेलं. “कैलासवासी तानूबाई यांच्या जाण्यानं गावाची मोठी हानी झाली.” दुसरंही बरं गेलं. आणि मग डोक्यात काहीच नाही! त्या बाईबद्दल मला माहीत काय होतं? फोनवरचा एक आवाज. पण तो फोन कशाबद्दल होता हे सांगायचं, तर आप्पांची सक्त ताकीद. समोर एवढी माणसं. सगळ्या नजरा माझ्यावर. आणि अशा वेळी माझ्या जिभेला एकच वाट ठाऊक आहे हो! ती सुटलीच.

“आजच्या या कार्यक्रमाला आपण सर्वजण वेळात वेळ काढून, मोठ्या संख्येनं उपस्थित राहिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.”

पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यानं झटकन वर पाहिलं. मला ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते. पण थांबता येत नव्हतं!

“आणि ज्यांच्यामुळं आजचा हा कार्यक्रम घडून आला, त्या तानूबाईंचे मी मनापासून आभार मानतो. कसलीही अपेक्षा न ठेवता, पडद्यामागं राहून त्यांनी जे कष्ट घेतले, त्याला तोड नाही. त्यांचं असंच सहकार्य आम्हाला यापुढंही लाभत राहो!”

कुठंतरी एक बाई “अगं बाई!” म्हणाली. मी घामाघूम. मनात म्हटलं, आता तरी थांब मेल्या. पण शेवटचं वाक्य अजून राहिलं होतं ना!

“शेवटी एकच विनंती. अल्पोपाहाराची सोय केलेली आहे. त्याचा आस्वाद घेतल्याशिवाय कुणीही जाऊ नये.”

आणि कावळा खाली आला.

शपथेवर सांगतो! सरळ खाली उतरला, नैवेद्यात चोच घातली, अख्खी पोळी उचलली आणि गेला.

एकदम गलका उठला, “शिवला! शिवला!” माणसं उठली. एक फार म्हातारी बाई काठी टेकत पुढं आली, तानूबाईंच्या बरोबरीची असावी. म्हणाली, “तानीचं आभार कुनी मानलं न्हवतं रं जल्मात. तेवढ्यासाठी अडली हुती बिचारी.” आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

मी शेवंताताईंकडं पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. मला पुढं होऊन विचारायचा धीर झाला नाही. मालकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. आणि दुखवट्याच्या ठिकाणाहून निघताना ‘येतो’ म्हणू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण मी घाबरलेलो. त्यांना म्हणालो, “येतो हं. पुन्हा भेटू असेच!”

कराडात पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आप्पांचा कुणी साडू त्या गर्दीत होता.

“मी काय ऑर्डर दिली हुती तुला?”

“आप्पा, तोंडातून निघून गेलं हो.”

“त्यांच्या घरचं मानूस गेलं, आन् तू नाश्त्याचं आमंत्रन देतुयास? कुठल्या तोंडानं बोलवायचं आता त्या बाईला?”

मला रडूच यायचं बाकी होतं. मंडळाचं हसं झालं ते झालंच. पण सासूच्या राखेपाशी बसलेल्या एका बाईला मी चेष्टेचा विषय केला, हे काही केल्या मनातून जाईना. माफी मागायला फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. पत्रिका छापायला टाकली नाही. आप्पांनी डेअरीच्या चेअरमनना विचारून ठेवलं. ते कायम तयारच असतात.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी ताईंचाच फोन आला. मी उभा राहून घेतला.

“सेक्रेटरी, रविवारचं ठरल्यालं हाय न्हवं?”

“ताई, माझं त्या दिवशी फार चुकलं...”

“ते ऱ्हाऊ द्या. मी येनार हाय. सासूबायचा शबूद हाय तो.”

आणि आल्या. साधं लुगडं, डोक्यावर पदर. हॉल इतका भरला होता की आप्पा स्वतः भिंतीला टेकून उभे. ताई पाण्याचं बोलतील म्हणून आम्ही प्रश्न तयार ठेवले होते. पण ताई बोलल्या सासूचं.

“मी सरपंच झाले तवा म्होरल्या सकाळी माझं मालक पांढरी कापडं घालून निघालं. खुर्चीत बसाय! सगळ्या गावात तसंच चालतंय न्हवं? सासूबायनं त्यास्नी दारात आडवलं. म्हनली, ‘खुर्ची हिची हाय. तू मेंढरं राख.’ आन् मंग ती माझ्यासंगं पंचायतीत यायची. रोज. उंबऱ्यात बसायची, कुनी मला उठवू ने म्हनून. माझी पोरं तिनं सांभाळली, भाकऱ्या तिनं थापल्या. पेपरात फोटू माझा यायचा.”

मग ताईंनी माझ्याकडं बोट केलं.

“सावडायला हे सेक्रेटरी बोलाय लागलं. मला वाटलं उठावं आन् ह्यांच्या कानाखाली द्यावी. माझ्या मानसाची थट्टा करत्यात म्हनून. आन् कावळा आला. मंग माझं मलाच कळलं. मी सुदिक तिला कवा म्हनलं न्हवतं, ‘आत्याबाय, तुमच्यामुळं मी हाय.’ म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं. परक्या मानसानं म्हनलं, ते बी चुकून.”

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. आप्पा भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते. मी तर कोपऱ्यात उभा राहून उघड उघड रडलो. इतक्या वर्षांत असा कार्यक्रम आमच्याकडं झाला नव्हता.

आप्पांनी मला खूण केली. कार्यक्रम संपवायचा, म्हणजे माझंच काम. डोळे पुसले, जाकीट सारखं केलं आणि माइक हातात घेतला. “वेळात वेळ काढून...” एवढंच म्हणालो असेन, तर ताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात जोडून म्हणाल्या,

“सेक्रेटरी, पाया पडते तुमच्या, माझं आभार तेवढं तुमी मानू नगा. तुमी आभार मानलं की कावळा येतुया. माझी गावात अजून लय कामं हायत!”

हॉल हसून असा फुटला म्हणता! आप्पांना तर पकडून बसवावं लागलं.

त्या दिवसापासून मंडळात आभार दुसरेच मानतात. मला बोलावणी येत नाहीत असं नाही. परवाच विट्याच्या बाजूनं फोन आला, “सायब, उन्हं डोक्यावर आल्यात, कावळा काय शिवंना. येता का तेवढं?”

गेलो की! जाकीट घालून गेलो. हयात माणसांपुढं आता मला माइक देतंय कोण?