हिंदुरावांची कणगी

मोरिवलीजवळच्या त्या रंगाच्या कारखान्यात हिंदुरावांना शोधायला त्यांच्या खुर्चीकडे जाण्यात काही अर्थ नसे. ते कुठल्या तरी कॉम्प्युटरसमोर उभे असायचे. खिशात पेन ड्राइव्ह, चष्मा कपाळावर, आणि मशीनशी बोलणं चालू, "काय रे बाबा, आज का रुसलास?" तरुणपणी ते स्टोअरमध्ये लागले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा "कोण शिकतो?" म्हटल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि यांनी हात वर केला. तेव्हापासून गोदाम, लॅब, गेट, सगळीकडची लिनक्स मशीनं त्यांची लेकरं झाली. जागेवर बसून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय त्यांनी मुद्दाम बंद ठेवली होती. "हात लावल्याशिवाय दुखणं कळत नाही," असं ते म्हणत. खरं तर फेरीच्या निमित्ताने चार ठिकाणी चहा होई आणि ते सुख त्यांना सोडवत नव्हतं.

त्यातलं सगळ्यात लाडकं मशीन त्यांच्या टेबलाखाली होतं. त्याचं नाव कणगी. बारवीकडच्या त्यांच्या घरी भात साठवायची, शेणाने सारवलेली बांबूची कणगी असायची. ती भरलेली असली की आई निर्धास्त. कारखान्यातलं नेट ऊठसूट जायचं, तेव्हा हिंदुरावांनीही तेच केलं. मिळेल ते सॉफ्टवेअर उतरवून या मशीनमध्ये भरून ठेवलं आणि प्रत्येक कॉम्प्युटरला नियम लिहून दिला, काही हवं असलं तर आधी कणगीत बघ, तिथे नसेल तरच बाहेर जा. नेट बंद पडून शेजारचे कारखाने हातावर हात ठेवून बसत तेव्हाही यांचं काम चालू असे. त्या दिवशी हिंदुराव जरा छाती काढून चालत.

दसरा झाला की ते निवृत्त होणार होते. त्यांची जागा सोनियाला मिळायची होती. सोनिया उल्हासनगरची, घरी दोन वर्षांची मुलगी, आणि नोकरी कंत्राटावरची. मॅनेजर गुरुदत्त साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "खंडेनवमीच्या आत सगळी मशीनं एका ठिकाणाहून चालवून दाखव. दाखवलंस तर कायम, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

त्यासाठीचं सॉफ्टवेअर तिने निवडलं होतं. कुठल्या मशीनवर काय असावं ते एका मुख्य मशीनवर लिहून ठेवायचं, मग बाकीची मशीनं स्वतःच येऊन विचारतात आणि तशी वागतात. ते बनवणाऱ्या कंपनीचं भांडार नेटवर असतं, त्याला रिपो म्हणतात. मशीनला रिपोचा पत्ता द्यायचा, माल अस्सल आहे हे ओळखायला कंपनीची किल्ली द्यायची आणि एक आज्ञा सोडायची, की मशीन माल आणून स्वतःच बसवून घेतं.

सोनियाने प्रत्येक मशीनपाशी जाऊन हे सगळं नीट केलं, पण मुख्य मशीनला एकही मशीन ओळख देईना. खंडेनवमी दोन दिवसांवर आली तेव्हा ती डबा न उघडताच हिंदुरावांसमोर येऊन बसली.

"काका, दो बार काढून परत बसवलं. पत्ता बरोबर, किल्ली बरोबर. मैं नवीन मागवते आणि येतं जुनंच! इतकं जुनं की मुख्य मशीनशी त्याचं जमतच नाही. मेरा तो दिमाग खराब हो गया."

हिंदुरावांच्या लगेच लक्षात आलं. काही वर्षांपूर्वी हेच सॉफ्टवेअर त्यांनी हौसेने उतरवून कणगीत टाकलं होतं आणि विसरून गेले होते. मशीनं आपली इमानदार. सांगितल्याप्रमाणे आधी कणगीत बघत होती आणि तिथलं शिळं उचलत होती.

पण तिला हे सांगायचं सोडून ते "बघू गं," म्हणाले आणि डबा बंद केला. आपल्याच हाताने ती कणगी रिकामी करायची, तीही जाता जाता, हे त्यांच्या जिवावर आलं. दुपारभर ते नुसते फिरत राहिले. चहा चार ठिकाणी झाला, पण एकही गोड लागला नाही.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमधून आवाज आला, "जमत नसेल तर तसं सांग, उगाच वेळ नको घालवूस." मग सोनिया बाहेर आली. रडत नव्हती, मुलीला पाळणाघरातून आणायला उशीर झाला म्हणून घाईने पर्स आवरत होती. हिंदुरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते तडक केबिनमध्ये शिरले.

"साहेब, पोरीचं काही चुकलेलं नाही. माझी कणगी आडवी आलीय. उद्या मोकळं करून देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची फेरी काढली. प्रत्येक मशीनपुढे उभं राहून स्वतः लिहिलेला तो नियम पुसला. मागोमाग सोनिया आज्ञा सोडत होती आणि आता नवं येत होतं. गेटवरचं मशीनही जोडलं गेलं तेव्हा साहेब म्हणाले, "सोनिया, तुझं पक्कं." सोनियाने वाकून हिंदुरावांच्या पायाला हात लावला. त्यांना फार आनंद झाला, पण आता कणगीला विचारायला कुणी येणार नव्हतं.

दर खंडेनवमीला ते प्रत्येक मशीनसाठी झेंडूचं एक फूल नेत. या वेळी फुलं पिशवीत भरताना बायको सुषमाने विचारलं, "तुमच्या कणगीचं कुठंय?"

"तिला कशाला? ती आता भंगारात जाणार."

कारखान्यात फुलं वाहत ते आपल्या टेबलापाशी आले आणि थबकले. टेबलाखाली पंखा घरघरत होता.

"हे चालू कसं गं?" त्यांनी सोनियाला विचारलं.

"मग काय बंद करू?" सोनिया म्हणाली. "नेट आजही जातंच ना, काका. जुना माल काढला फक्त. आता ही रोज कंपनीच्या रिपोतून ताजा माल भरून ठेवते आणि मुख्य मशीनवर तसं लिहून दिलंय, म्हणून सगळी मशीनं हिच्याकडून घेतात. नाव तेच ठेवलंय."

हिंदुरावांनी चष्मा काढून पुसला. पिशवीत हात घातला, तर ती रिकामी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, केबिनमध्ये गेले, साहेबांच्या कॉम्प्युटरवरचं फूल उचललं आणि आणून कणगीवर ठेवलं.